बाइंडरने वाचायचं नसतं

बाइंडरच्या घराण्यात तीन पिढ्यांचा एक नेम होता. पुस्तक बांधायचं, वाचायचं नाही.

नेमाला कारण होतं. आजोबांनी तरुणपणी एका प्रवासवर्णनाची बांधणी करता करता चार पानं वाचली, आणि खळीचं भांडं शेगडीवर तसंच टाकून ते जे निघाले ते तीन महिन्यांनी परत आले, तेही दोन पायांत दोन वेगवेगळे जोडे घालून. वडिलांचा मोह त्याहून लहान, पण शिक्षा मोठी. एका खुनाच्या गोष्टीत खुनी कोण हे कळायच्या बेतात असताना विचारात पडून त्यांनी दाढीला हात लावला. हाताला सरस होता. दाढी आणि सातवं प्रकरण दोन्ही एकदमच कापावी लागली. खुनी कोण, हे त्या पुस्तकाच्या मालकाला काही शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून हा बाइंडर पस्तीस वर्षं पुस्तकं बांधत होता आणि त्यातलं एक अक्षर त्याने डोक्यात जाऊ दिलं नव्हतं. तो अडाणी नव्हता. दुकानांच्या पाट्या वाचायचा, औषधाच्या बाटल्या वाचायचा, लेकीची पत्रं तर दोनदोनदा वाचायचा. पण कामाच्या मेजावर आला की कागद म्हणजे नुसता कागद. मोठा ताव छापून घडी घातली की सोळा पानांचा जो जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्याने एक काळी रेघ दिलेली असते, पहिल्याला अगदी वर, दुसऱ्याला जरा खाली, तिसऱ्याला आणखी खाली. फर्मे नीट रचले की पाठीवर छोटा जिना उतरताना दिसतो. बाइंडर जिना बघतो. जिना बरोबर असला की पुस्तक बरोबर. आत राजा मेला की जगला, ती राणीची काळजी.

फर्मे त्याने रचायचे आणि बायकोने शिवायचे, ही वाटणी लग्नापासूनची. खिडकीजवळ तिची लाकडी चौकट, त्यावर ताणलेले दोरे, हातात सुई. तिच्या शिलाईचं पुस्तक दुसऱ्या मजल्यावरून खाली पडलं तरी पान सुटत नाही, असा तिचा दावा होता. तो तिने एकदा खराही करून दाखवला होता. पुस्तक शाबूत राहिलं. खालून जाणाऱ्या पोस्टमनने मात्र आठ दिवस पत्रं फाटकाबाहेरूनच फेकली.

या दोघांची एकुलती लेक वाचणारी निघाली. नुसती वाचणारी नाही, चार परक्या भाषा शिकून त्यांतल्या सातआठशे वर्षांपूर्वीच्या चार कवींच्या मागे लागणारी. आई म्हणायची, "चार भाषा येतात हिला, पण एकीतही 'नाही' म्हणता येत नाही." त्यांच्या कविता मराठीत आणत सात वर्षं लेक या चौघांबरोबर राहिली होती. एक वाळवंटातला, एक डोंगरावरचा, एक मठातली जोगीण आणि एक गावोगाव गात फिरणारा. एकमेकांपासून इतके लांब, की एकाने पत्र टाकलं असतं तर दुसऱ्याला पोचेपर्यंत दोघांचेही दात पडले असते. पण लेकीचं म्हणणं असं, की हे चौघं एकाच बैठकीत बसल्यासारखे बोलतात. एकाने विचारावं, दुसऱ्याने उत्तर द्यावं. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफायची खोडसुद्धा चौघांना सारखी, आणि ती कुणी कुणाला शिकवलेली नाही.

हे म्हणणं आता तीन परीक्षकांपुढे टिकायचं होतं. टिकलं तर लेक डॉक्टर. नाही टिकलं तर सात वर्षं गेली वाहून, पुन्हा नवा विषय आणि पुन्हा श्रीगणेशा. परीक्षकांत एक जण होते, त्यांना विद्यार्थी 'करवत' म्हणत. समोर तोंडावर सर म्हणत, पाठ वळली की करवत. मागच्या वर्षी त्यांनी दोघांना उभं चिरून परत पाठवलं होतं.

"बाबा, प्रबंध कोपऱ्यावरच्या मशीनवर बांधून घेते ना मी. तासाभराचं काम."

बाइंडरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मशीनवर? तुझा बाप काय मेलाय?"

"तसं नव्हे. तुमच्याकडे त्या हातपंपाच्या कारखान्याचं काम आलंय, दोनशे पुस्तिका..."

"पंप थांबतील. तीनच प्रती ना? तीन दिवसांत तीन."

"मग क्रम तेवढा सांभाळा हं बाबा. पानांचे आकडे प्रत्येक कवीचे वेगळे, एकपासून. वर नाव मुद्दामच छापलेलं नाही, नाव शेवटच्या ओळीतच कळू दे. अनुक्रमणिकाही नाही. जुन्या वह्यांना कुठे असते? त्यामुळे कुणामागून कोण, ते या चिठ्ठीवर आहे." तिने वीतभर लांबीची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

"पस्तीस वर्षं झाली मला या धंद्यात," बाइंडर म्हणाला आणि चिठ्ठी मेजावर ठेवली. सरसाच्या भांड्याशेजारी.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीला बळकटी यावी म्हणून बाइंडर तिथे रद्दी कागदाची पट्टी सरसाने चिकटवतो. त्यावर कापड, त्यावर पुठ्ठा. एकदा पुठ्ठा चढला की आतली पट्टी कुणाला दिसत नाही. पट्टी साधारण वीतभर लांबीची लागते. पस्तीस वर्षांची सवय असलेला हात डोळ्यांना विचारत नाही, समोर जी पट्टी असेल ती उचलतो.

दोन दिवस आधी आलेल्या एका किराणा दुकानदाराच्या वहीच्या पाठीवर ती चिठ्ठी गेली. सरस लागला, कापड चढलं, पुठ्ठा चढला, वही दुकानदाराने नेलीसुद्धा. आणि मग बाइंडरने लेकीचे फर्मे पुढ्यात घेतले, चिठ्ठीकडे हात नेला आणि हात तिथेच राहिला.

पहिलं पान, प्रस्तावनेचं, ते तर उघडच होतं. पुढे चार जिने. चारही सरळ, सुंदर, एकेक रेघ जागच्या जागी. फक्त कुठला जिना आधी चढायचा, ते सांगणारं कुणी नव्हतं.

लेकीला विचारता आलं असतं. पण ती पायऱ्या उतरून आनंदात गेली होती, आणि 'मशीनवर बांधून घेते' हे वाक्य अजून खोलीत घोंघावत होतं. बाइंडरने खिडकीकडे पाहिलं. बायको सुईत दोरा ओवत होती, डोळा बारीक करून. त्याने पाठ फिरवली, चष्मा नाकावर ओढला आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या कागदातली ओळ वाचली. कुणामागून कोण येतं एवढंच बघायला, बरं का. तेवढ्यापुरतं.

ओळ अशी होती: *एकोणीस वर्षं झाली, तुझी खिडकी उघडत नाही. पाऊस मला ओळखतो, गल्लीतली कुत्री मला ओळखतात, तूच तेवढी ओळखत नाहीस.*

बाइंडर खाली बसला.

हा तो गावोगाव फिरणारा. त्याचं खरं नाव लांबलचक आणि दाताखाली येणारं होतं. बाइंडरने त्याला 'भिजका' म्हणायला सुरुवात केली. भिजका एका खिडकीखाली उभा होता तो उभाच. गारा पडल्या तरी हलेना. बाइंडर पानं उलटत गेला आणि त्याचा जीव कासावीस झाला. अरे, कुणीतरी याला आत घ्या! छत्री द्या, निदान टॉवेल तरी द्या!

घाईघाईने त्याने दुसरा गठ्ठा उघडला. तो डोंगरावरचा म्हातारा निघाला. *माझ्या घराला दार नाही, कारण दार लावायला भिंत नाही. ये कुणीही. धुकं तेवढं येतं, आणि न बोलता बसून राहतं.*

"झालं तर मग!" बाइंडर मोठ्याने म्हणाला.

"काय झालं?" खिडकीतून बायको.

"काही नाही. जिना जुळला."

त्याने भिजक्यामागून लगेच धुकेबाबा ठेवला. माणूस इतका भिजलाय, त्याला आधी उघड्या घरात नेऊन बसवायला हवं, ही साधी माणुसकी आहे. त्यामागे जोगीण, शेवटी वाळवंटवाला. पहिली प्रत तयार.

दुसऱ्या दिवशी तो शहाण्यासारखा पहिल्या प्रतीवरून दुसरी लावणार होता. पण पहिली प्रत शिकंज्यात दाबून ठेवलेली, सरस वाळेपर्यंत ती उघडायची नाही. म्हणून त्याने पुन्हा फर्मे चाळले, आणि काल ज्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं तो वाळवंटवाला आज त्याच्या हाती लागला. या गृहस्थाची प्रिया तंबू उचलून निघून गेली होती, आणि हा तिथे येऊन राखेला विचारत होता. *राख म्हणाली, उशीर केलास. मी उंटाकडे पाहिलं. उंटाने मान फिरवली.*

बाइंडरला हसू आवरेना आणि रडूही. उंटसुद्धा! पण खरंच, अडला होतास कुठे तू इतके दिवस? या उशीरवाल्याला कुणीतरी चार शब्द सुनवायला हवेत, आणि सुनवणारी होती. मठातली जोगीण. ती भांडायची साक्षात देवाशी, आणि भांडण असं की देवानेही खुर्ची सरकवून बसावं. *तू आत आहेस, मला माहीत आहे, दिवा दिसतोय. मग दार का उघडत नाहीस? आंघोळीला गेलास का रे, हजार वर्षं?*

उशीरवाल्यामागून भांडखोर ताई, मग भिजका, शेवटी धुकेबाबा. दुसरी प्रत तयार.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही वाचताय."

"छे! रेघा बघतोय."

"रेघा बघून कुणी नाक शिंकरत नाही."

"सरसाचा वास जातो नाकात."

"पस्तीस वर्षांत आजच गेला वाटतं."

तिसऱ्या दिवशी तर कारखान्याच्या पुस्तिकांचे ढीगही मेजावर येऊन पडले होते, कारण मालक दोनदा येऊन गेला होता. त्याच छापखान्याचा कागद, तोच आकार, तीच काळी रेघ. बाइंडर एका हाताने पंप आणि दुसऱ्या हाताने कवी असा दोन्हीकडे रमला होता. आज त्याला भिजक्याचा राग आला होता. खिडकीतल्या बाईचं लग्न झालंय, तिने एकदाही 'ये' म्हटलेलं नाही, आणि हा एकोणीस वर्षं तिच्या झोपेचं खोबरं करतोय! त्याला त्याने तंबी म्हणून सगळ्यात शेवटी टाकलं. जोगिणीला पहिला मान दिला. मधे काय काय गेलं, ते त्याला पुढे आठवलंही नाही. बायकोने शिवलं, त्याने सरस लावला, कापड, पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरात लेकीचं नाव. ते नाव दाबताना मात्र त्याचा हात स्थिर होता. इतकं देखणं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

लेकीने तिन्ही प्रती छातीशी धरल्या. "बाबा, मशीनला हे जन्मात जमलं नसतं!"

"नाहीच जमलं असतं," बाइंडर म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

आता तो सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण लेक इतकी हसत होती, की त्याने तोंडात आलेले शब्द परत गिळले. चौघं आहेत ना आत? आहेत. कुणी सुटलं का? नाही. मग पुढे कोण आणि मागे कोण, पंगतीत काय फरक पडतो, असं त्याने स्वतःला तीन आठवडे समजावलं. पटत नव्हतं म्हणून तीन आठवडे लागले.

तोंडी परीक्षा सकाळी अकराला होती. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, लांबट मेज, पाण्याचा जग आणि उपडे ग्लास. घरच्यांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती. बाइंडर आणि त्याची बायको ठेवणीतले कपडे घालून, लग्नाच्या फोटोत बसतात तसे बसले.

मेजामागे तिघं. डावीकडे एक गोऱ्यापान, गुटगुटीत बाई, आणि त्यांनी प्रत पोटाशी धरली होती, उबेला धरावी तशी. उजवीकडे एक गृहस्थ दर मिनिटाला सुस्कारा टाकत होते. त्यांना दुःख काही नव्हतं, सवय होती. आणि मधे करवत सर. उंच, सुकलेले, प्रतीच्या कडेने कागदाच्या तीसचाळीस खुणा बाहेर आलेल्या.

करवत सरांनी चालवायला सुरुवात केली.

"तुमचं म्हणणं, हे कवी एकमेकांशी बोलतात."

"हो सर."

"बोलत नाहीत. तुम्ही त्यांना बोलायला लावलंय. कुणामागे कुणाला बसवायचं, हे तुम्ही ठरवलंत. कवितेला अर्थ येतो तो तिच्या जागेमुळे. क्रम चतुर आहे, मान्य. पण हा क्रम बदला, आणि चौघंही मुके होतील. मग तुमच्या सात वर्षांत उरलं काय?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला. बाइंडरचा त्याहून पांढरा पडला.

"पण क्रम काय सुरेख आहे हो!" गुटगुटीत बाई मदतीला धावल्या. "तो बिचारा खिडकीखाली भिजतो, आणि पान उलटताच डोंगरावरचा म्हातारा म्हणतो, ये, माझ्याकडे दारच नाही! मी तर त्या जागी चहा करून घेतला. मलाच थंडी वाजायला लागली होती."

लेक चमकली. तिच्या क्रमात वाळवंट पहिलं होतं.

"बाई, काहीतरी गफलत होतेय," सुस्कारेवाले म्हणाले. "खिडकीवाला इतक्या लवकर कुठे येतो? आधी तो उंट. मग जोगीण त्याला झाडते. तिथे मी पुस्तक मिटून अर्धा तास नुसता बसलो होतो."

"उंट शेवटी आहे हो."

"उंट पहिला आहे!"

"मी काय झोपेत वाचलं?"

"ते मी कसं सांगू? मी तुमच्याकडे नव्हतो."

"जोगीण पहिली आहे," करवत सर म्हणाले. "तुम्ही दोघांनीही पुस्तक उलटं धरलं असेल." आणि त्यांनी स्वतःची प्रत मेजावर आपटली. बाईंनी त्यांची आपटली. सुस्कारेवाल्यांनी त्यांची हलकेच ठेवली. तिघांनी पहिल्या कवीचं पहिलं पान उघडलं आणि तिघं एकमेकांच्या पानात डोकावले.



लेकीने सावकाश मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. बाइंडर छताकडे बघत होता. छतावर काहीही नव्हतं. शेजारी बायकोने त्याला कोपर मारलं, आणि पस्तीस वर्षांच्या शिलाईचं कोपर होतं ते. तो उभा राहिला.

"मी केलं, साहेब. मी तिचा बाप. बाइंडर."

"काय केलंत?"

"वाचलं."

"वाचणं हा गुन्हा नव्हे," करवत सर म्हणाले.

"आमच्यात आहे, साहेब. चिठ्ठी सरसाखाली गेली, एका वाण्याच्या वहीत. मग म्हटलं, वाचून क्रम लावू. पहिल्या दिवशी त्या भिजणाऱ्याची दया आली, म्हणून त्याला घरात नेला. दुसऱ्या दिवशी त्या उशिरा येणाऱ्याला कुणी बोलावं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी... तिसऱ्या दिवशी मला राग आला होता. पोरीचा यात काही दोष नाही. तिला ठाऊकही नाही. तिला नापास करू नका, पाहिजे तर मला करा."

"तुम्हाला कशात नापास करू?" करवत सर म्हणाले.

तोवर लेक उठून उभी राहिली होती. तिच्या गालावर पाणी होतं, आणि डोळ्यांत मात्र काहीतरी वेगळंच पेटलं होतं.

"सर, तुम्ही म्हणालात, क्रम बदलला तर चौघंही मुके होतील."

"म्हणालो."

"तीन क्रम मेजावर आहेत. तिन्ही माझे नाहीत. बाईंनी चहा करून घेतला, हे सर अर्धा तास पुस्तक मिटून बसले, तुम्ही स्वतः क्रम चतुर म्हणालात. कुठल्या प्रतीत कोण मुका झाला?"

गुटगुटीत बाईंनी चक्क टाळी वाजवली आणि मग ती टाळी खोकल्यात लपवली. सुस्कारेवाले सुस्कारा टाकायचे विसरले.

करवत सरांनी खुणांवरून बोट फिरवलं. "ठीक," ते म्हणाले. "यांच्या प्रतींचं मी सांगू शकत नाही. पण माझ्या प्रतीत ही बैठक जमते, ती त्या पाचव्या कवीमुळे. तो मधे नसता तर सगळं विस्कटलं असतं."

"पाचवा?" लेक म्हणाली.

"प्रस्तावनेत तुम्ही चारच म्हणता. मी समजलो, हा तुम्ही मुद्दाम लपवलाय, वाचणाऱ्याने शोधावा म्हणून. खरं सांगू? चौघांपेक्षा मला तोच मोठा वाटला." आणि त्यांनी सगळ्यात जाड खूण होती तिथे प्रत उघडली. करवतीचा आवाज मऊ होऊ शकतो, हे त्या इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. ते वाचू लागले:

"*बराच काळ बंद राहिला असल्यास आधी वरून भांडंभर पाणी ओता. घाई करू नका. सुरुवातीला नुसता आवाज येईल. घाबरू नका, आत हवा आहे. हवा निघून गेल्याशिवाय पाणी वर येत नाही. पहिलं पाणी गढूळ असतं. ते वाहून जाऊ द्या.*"

ते थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आत हवा आहे! अहो, चाळीस वर्षं मी माणसं तपासतोय. आत हवा आहे, हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नाही. आणि शेवटची ओळ. बाकीचे चौघं शेवटी स्वतःचं नाव घालतात. हा घालत नाही. हा एवढंच म्हणतो: *इतकं करूनही पाणी न आल्यास स्वतः उघडू नका. आमच्याकडे या.* नाव नाही, गाव नाही. आमच्याकडे या! कुठल्या शतकातला हा?"

बाइंडर अजून उभाच होता. खाली बसावं की पळावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "तो या महिन्यातला आहे."

"म्हणजे?"

"हातपंपाचा कारखाना आहे आमच्या मागच्या गल्लीत. पंप कसा चालवायचा, त्याची पुस्तिका. चित्रांचा फर्मा तिकडेच राहिला असणार, आणि हा तुमच्याकडे आला. एक पुस्तिका कमी भरली म्हणून मालक मला बोलून गेला होता, मला वाटलं, त्यानेच चुकीची मोजली."

करवत सरांचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. लेकीने डोळे मिटून घेतले. बायकोने रुमाल तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. आता काही खरं नाही, बाइंडरला वाटलं. सात वर्षांचं पुस्तक, आणि बापाने त्यात पंप घातला.

"मी हे," करवत सर अगदी सावकाश म्हणाले, "घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोला. जेवणानंतर, दिवा मंद करून. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, 'म्हणजे आता तरी आपला मागचा पंप दुरुस्त करणार ना?'"

"मग?" गुटगुटीत बाईंना राहवेना.

"मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. म्हटलं, हिला काव्य कळत नाही."

आणि मग मेजाखालून कुठूनतरी एक आवाज आला. सुरुवातीला नुसती घरघर. सुस्कारेवाल्यांनी घाबरून खुर्ची मागे घेतली. घरघर वर आली, घशात अडकली, पुन्हा वर आली, आणि करवत सर हसायला लागले. ते हसणं इतक्या वर्षांनी बाहेर येत होतं की पहिलं थोडं गढूळच होतं. मग मात्र लागलं ते लागलंच. बाई मेजावर डोकं टेकून हसत होत्या. त्यांनी हात फिरवला तो जगाला लागला आणि पाणी तिन्ही प्रतींखालून वाहत सुटलं. बाइंडर धावला आणि त्याने तिन्ही प्रती उचलून अंगातल्या ठेवणीतल्या कोटाने पुसल्या. एकाही पानाची शिलाई सुटली नव्हती.

"बाळ," करवत सर डोळे पुसत लेकीला म्हणाले, "तुझे कवी कुठेही बसवले तरी बोलतात. इतकंच नव्हे, मधे पंप आला तर त्यालाही बोलायला लावतात. माझी हरकत मी मागे घेतो. उत्तीर्ण. लायब्ररीसाठी मात्र एक प्रत तुझ्या क्रमाने बांधून दे." मग ते बाइंडरकडे वळले. "आणि माझ्या प्रतीला हात लावायचा नाही. ती आहे तशी राहील."

"साहेब, पंप तरी काढतो."

"पंप तर मुळीच नाही."

त्या आठवड्यात किराणा दुकानदाराच्या वहीची पाठ सोडवून चिठ्ठी बाहेर काढली गेली. वाणी म्हणाला, वही आता पूर्वीसारखी उघडत नाही. त्याला नवी बांधून द्यावी लागली. लायब्ररीची प्रत करायला बसताना बायकोने नवऱ्याचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात टाकला.

"चिठ्ठी मी वाचीन. तुम्ही रचा. वाळवंट."

बाइंडरने काळ्या रेघांचा अंधुक जिना बघून फर्मे पुढे सरकवले. "वाळवंट."

"जोगीण."

"घे जोगीण."

मग धुकेबाबा गेला. शेवटी भिजका. सुई वरखाली होत होती, दोरा कागदातून जाताना किंचित करकरत होता, आणि बाइंडर निमूटपणे खळ ढवळत होता. सकाळीच करवत सरांचं कार्ड आलं होतं, त्यावर एकच ओळ: पंप सुरू झाला, पहिलं पाणी तीन बादल्या गढूळ आलं. लेक ते कार्ड घेऊन सगळ्यांना दाखवायला गेली होती.

ढवळता ढवळता त्याच्या लक्षात आलं की सुई थांबली आहे. बराच वेळ थांबली आहे.

"अगं?"

चष्मा नसल्याने त्याला खिडकीजवळ नुसता उजेड आणि त्यात तिची वाकलेली मान दिसत होती.

"अगं, दोरा संपला का?"

"अहो," ती मान वर न करता म्हणाली, "या बाईने खिडकी उघडली का हो शेवटी?"

बाइंडरने खळीचं भांडं शेगडीवरून उतरवलं, नीट झाकण घातलं, हात पुसून दाढीपासून लांब ठेवले आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"शेवटचा फर्मा तुझ्याच मांडीवर आहे," तो म्हणाला. "वाच की. पण मोठ्याने."